आईच्या अकरा साड्या आणि लोकलची कडी

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, वय ४२. चौदा वर्षं नोकरी केली, आता घरूनच लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आठवड्यातून दोनदा फोर्टला किंवा लोअर परळला जावं लागतं. नोव्हेंबरमध्ये काळा घोड्याजवळच्या एका छोट्या गॅलरीत आम्हा पाच जणींचं प्रदर्शन आहे. तिकडे गेलं की जाणवतं, कलाक्षेत्रातल्या बायकांचा एक ठरलेला वेश आहे : सैल हातमागाचा कुर्ता, ऑक्सिडाइज्ड दागिने, मोठं कुंकू. मीही करून पाहिला, पण आरशात दुसरीच कुणी दिसली. कपाट भरलेलं आहे आणि घालायला काही नाही. चाळिशीनंतर मापही बदललंय. आईच्या अकरा साड्या आहेत, त्या कापून शिवून घेऊ का? दहा हजारांपर्यंत खर्च करू शकते. माझी स्वतःची अशी स्टाइल हवी आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

साड्यांना अजून कात्री लावू नका, आणि निदान तीन आठवडे एकही कपडा विकत घेऊ नका.

आधी त्या ठरलेल्या वेशाबद्दल. त्यात काही वाईट नाही. ज्यांना तो शोभतो त्यांना तो मनापासून शोभतो. पण कुठलाही वेश कुणाच्या तरी गरजेतून आलेला असतो. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचे लांब, घोळदार स्कर्ट आणि सैल, चौकोनी कापाचे ब्लाऊज आज जगभर छापले जातात. तिला सहाव्या वर्षी पोलिओ झाला होता, १९२५ मध्ये बसच्या अपघातात पाठ मोडली होती, आणि पुढं आयुष्यभर तिला वैद्यकीय पट्टे बांधून राहावं लागलं. लांब स्कर्टाखाली बारीक झालेला पाय झाकला जाई आणि कमरेला न आवळणारा ब्लाऊज पट्ट्यावरून सहज बसे. आपण मेक्सिकोच्या मातीतल्या आहोत हेही त्याच कपड्यांतून ती ठासून सांगत होती. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओ'कीफनं उलट टोक गाठलं. काळा-पांढरा रंग, साधा काप, बरेच कपडे स्वतःच्या हातांनी शिवलेले, आणि एखादा नमुना जमला की तोच पुन्हा पुन्हा. दोघींनी आपलं शरीर आणि आपलं काम बघून कपडे ठरवले. तुमच्या शरीराला आणि कामाला काय लागतं, ते आधी कागदावर यायला हवं.

तुम्हाला चित्र काढता येतं, त्याचा इथं फार उपयोग आहे. एक छोटी वही करा. पुढचे २१ दिवस रोज संध्याकाळी, दिवसभर जे घातलं होतं त्याचं दोन मिनिटांचं रेखाटन करा. जिथं ओढलं, टोचलं, घसरलं, घाम साचला, तिथं लाल फुली मारा. घरी टेबलाशी बसण्याचे दिवस आणि बाहेर जाण्याचे दिवस वेगळे ठेवा. फोटो काढून हे जमत नाही, कारण फोटोत आपण उभ्या असतो आणि कपड्यांची खोड बसल्यावर, वाकल्यावर, हात वर केल्यावर कळते. तीन आठवड्यांनी वही चाळलीत की दोन गोष्टी दिसतील. भरलेल्या कपाटातले सहा-सात कपडेच फिरून फिरून अंगावर आले, आणि लाल फुल्या दोन-तीन ठरावीक जागीच पडल्या. त्या सहा-सात कपड्यांत तुमची स्टाइल आधीपासून आहे. फुल्या मारलेल्या जागा दुरुस्त करणं हे पहिलं काम.

माझा अंदाज सांगते. सर्वांत जास्त फुल्या काखेत पडतील.

लोकलमध्ये कडी धरायला हात वर केला की कुर्ता किती वर जातो ते आरशासमोर तपासा. खालची कड दोन इंचांपर्यंत वर गेली तर ठीक. चार इंच किंवा जास्त गेली, तर मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, खोल आहे. आपण शिंप्याला सांगतो, ‘मुंढा सैल ठेवा, काचतो.’ तो बिचारा मुंढा खाली उतरवतो. मुंढा जितका खाली, तितकी बाही कुर्त्याच्या बाजूला खालपर्यंत जोडली जाते, आणि हात उचलला की अख्खा कुर्ता बाहीबरोबर वर चढतो. हात मोकळा हवा असेल तर मुंढा काखेच्या जवळ, वर असावा आणि सैलपणा बाहीच्या दंडात द्यावा. शिंप्याला नेमकं हेच सांगा : मुंढा काखेखाली एक बोट, दंडाला मापापेक्षा तीन इंच जास्त.

शिवून झालेल्या कुर्त्याचा खोल मुंढा वर कसा आणायचा? कापलेलं कापड परत येत नाही. दोन उपाय आहेत. खांद्याची टीप उसवून अर्धा इंच आत घेतली तर मुंढा अर्धा इंच वर येतो, पण गळा आणि उंचीही तेवढीच कमी होते. गळा आधीच लहान असेल तर हे करू नका. दुसरा उपाय जुना आणि खात्रीचा : काखेत तीन इंच बाय तीन इंचाचा चौकोनी तुकडा तिरका बसवायचा. जुन्या सदऱ्यांना काखेत असा जोड असायचा आणि त्यांत कष्टाची कामं होत. तुकड्याचा रंग मुद्दाम वेगळा ठेवलात तरी छान दिसतो. मात्र चारही कोपऱ्यांवर दुहेरी टीप हवी, नाहीतर महिन्याभरात तिथूनच उसवतं.

चाळिशीनंतर बदललेल्या मापाचं गणित तुम्हाला वाटतं तितकं वाईट नाही. कुर्ता उलटा करून बाजूच्या शिलाईत माया, म्हणजे टिपेच्या आत सोडलेलं जादा कापड, किती आहे ते मोजा. दोन बाजू, प्रत्येक बाजूला दोन थर, म्हणजे चार ठिकाणी जागा मिळते. प्रत्येकी अर्धा इंच सोडला तरी घेरात दोन इंच वाढतात. शिंप्याकडून शिवलेल्या जुन्या कपड्यांत बहुधा इंचभर माया असते. रेडीमेडमध्ये ती जेमतेम एक सेंटीमीटर, तेव्हा ते सोडायच्या फंदात पडू नका. गडद रंगाच्या कपड्यावर जुनी टीप फिकट रेघ होऊन दिसेल. त्यावर बारीक पायपिंग किंवा धावदोऱ्याची ओळ घ्यायची. खांदाच अरुंद असेल, म्हणजे बाहीची शिलाई खांद्याच्या हाडाच्या आत येत असेल, तर तो कुर्ता मनाविरुद्ध का होईना, देऊन टाका. बाकी सगळं सुधारतं, खांदा नाही.

तुमच्या कामासाठी आणखी दोन सूचना. चित्र काढताना बाहीची कड ओल्या रंगावरून घासत जाते, म्हणून कामाच्या कुर्त्याची बाही मनगटाच्या हाडाच्या चार बोटं वर संपावी, किंवा गुंडाळून अडकवायला आतून पट्टी आणि बाहेर बटण असावं. रंगांच्या डागांचं म्हणाल, तर जलरंग आणि पोस्टर कलर बहुतेक वेळा निघतात. अ‍ॅक्रिलिक वाळलं की त्याचं प्लास्टिक होतं आणि कपड्यातून जात नाही. ओलं असतानाच गार पाण्याखाली, मागच्या बाजूनं धुवायचं. एप्रन मानेत अडकवायचा नको, दिवसभरात मान भरून येते. पाठीवर फुली पडणाऱ्या पट्ट्यांचा शिवून घ्या.

खिसा. प्रत्येक कुर्त्याला हवाच, आणि तोही नावापुरता नको. तोंड साडेसहा इंच, खोली नऊ इंच, पिशवी दाट सुती कापडाची. अडचण अशी, की आपल्या कुर्त्यांना बाजूला कट असतो आणि खिसा नेमका तिथंच येतो. म्हणून कट नेहमीपेक्षा तीन इंच खाली सुरू करायला सांगा आणि खिशाचं तोंड त्याच्या वर बसवा. तोंडाच्या पुढच्या कडेला आतून सुती फीत लावली नाही, तर फोनच्या वजनानं कापड लोंबतं आणि खिसा कायम आ वासून राहतो.

आता रंग. गेल्या दोन वर्षांतली तुमची दहा चित्रं जमिनीवर मांडा. कुठले चार-पाच रंग पुन्हा पुन्हा आलेत ते पाहा, आणि कपाट उघडून त्यांतले किती आत आहेत ते मोजा. पुष्कळ चित्रकर्त्या कागदावर मोहरी, शेवाळी, विटकरी बिनधास्त वापरतात आणि अंगावर मात्र कुणीतरी ‘तुला हे शोभतं’ म्हटलेला फिकट गुलाबी. डोळ्याला जे आवडतं ते हाताला आधीच ठाऊक असतं. त्यांतले दोन गडद आणि एक मधला रंग निवडा. कापड पाहताना दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका, मंगलदास मार्केटच्या गल्ल्यांत तर मुळीच नाही. ताग्याचं टोक हनुवटीखाली धरून दाराशी उजेडात उभ्या राहा. मग फोननं कृष्णधवल फोटो काढा. चेहरा आणि कापड एकाच करड्या छटेत विरघळले, तर गळ्याशी गडद किंवा उजळ पट्टी लागेल.

आता आईच्या साड्या. अकराही पलंगावर उलगडा आणि एकेक खिडकीशी उजेडावर धरा. तीन ढीग पडतील.

पहिला ढीग धडधाकट साड्यांचा. त्या साडी म्हणूनच राहू द्या. त्या अंगावर चढत नाहीत याचं खरं कारण बहुतेक वेळा ब्लाऊज असतं : आईच्या मापाचं, किंवा तुमच्याच बारा वर्षांपूर्वीच्या मापाचं. तीन ब्लाऊज शिवा. एक काळं सुती, एक खणाचं, एक तुमच्या पॅलेटमधल्या मधल्या रंगाचं. बाही कोपरापर्यंत, गळा बंद किंवा छोटा कॉलर, बटणं पुढं, उंची नेहमीपेक्षा तीन इंच जास्त, म्हणजे हात वर केल्यावर पोट उघडं पडत नाही. खण घेताना लक्षात ठेवा, त्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असतो. लांब बाही आणि वाढीव उंचीला एक तुकडा पुरत नाही, एकाच ताग्यातले दोन घ्या. बहुतेक साड्या या तीन ब्लाऊजांवर निघतील. फॉल झिजला असेल तर बदलून घ्या, निऱ्या लगेच नीट पडायला लागतात.

दुसरा ढीग अशा सुती साड्यांचा, ज्यांवर न निघणारा डाग आहे किंवा मधेच फाटलंय, पण पोत शाबूत आहे. कुर्त्यांसाठी याच घ्या. वर्षानुवर्षं धुतल्यामुळं त्या आणखी आटत नाहीत आणि त्यांचा जायचा तेवढा रंग जाऊन झालेला असतो. साडेपाच मीटरमधून पदर बाजूला काढला तरी साडेचार मीटर उरतात, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे दोन कुर्ते. सगळ्यांनाच काठ खालच्या घेराला हवा असतो, आणि घोटाळे तिथंच होतात. काठ साडीच्या लांबीला धावतो, त्यामुळं तो खाली घ्यायचा तर कापड आडवं फिरवावं लागतं. पन्हा ४४ ते ४६ इंच, तेव्हा कुर्त्याची उंची त्यातच बसवायची. शिवाय काठ सरळ असतो आणि ए-लाइन, म्हणजे खाली पसरत जाणाऱ्या कुर्त्याचा घेर गोलाकार. सरळ काठ गोलाईवर बसत नाही, दोन्ही टोकांना खाली लोंबतो. म्हणून काठ खाली हवा तर काप सरळच, बाजूंना लांब कट. आणि काठ खाली असला की उंची खालून दुमडून कमी करता येत नाही, ती खांद्यातूनच करावी लागते. शिंप्याला खांद्यात इंचभर माया सोडायला सांगा आणि एकदा घालून बघितल्याशिवाय खांदा पक्का करू देऊ नका. मला विचाराल तर एका कुर्त्याला काठ खाली नकोच. तो पुढच्या बटणपट्टीवर उभा लावा. उभ्या रेघेत तो लांबून दिसतो आणि ए-लाइनही करता येते.

तिसरा ढीग विरलेल्या आणि तडकलेल्या साड्यांचा. जुनं रेशीम घडीवर तुटतं. परीक्षा सोपी आहे. निऱ्यांच्या आत जाणाऱ्या टोकाशी, दोन अंगठ्यांमध्ये दोन इंच कापड धरून आधी उभं, मग आडवं हलकेच ताणा. बारीक ‘टक’ आवाज आला किंवा धागे विलग झाले, तर ते शिवण्याजोगं नाही. ते खांद्यात आणि मुंढ्यात पहिल्याच दिवशी फाटेल, मग कितीही अस्तर लावा. अशा साडीचा पदर मलमलीच्या कापडावर हातानं टाचून, चौकटीत बसवून प्रदर्शनात तुमच्या चित्रांशेजारी लावता येईल का, हे तुम्हीच ठरवा. विरलेली साडी सुती असेल तर गोष्ट वेगळी. तिची गोधडी होते, आणि गोधडीचं बिनबाह्यांचं जॅकेटही. वर साडी, मधे मलमल, आत दुसऱ्या साडीचा तुकडा, आणि पाव-पाव इंचावर धावदोऱ्याच्या ओळी. आधी सपाट कापडावर सगळा दोरा भरून घ्या, मग कापा. कापून मग दोरा भरला, तर दोऱ्यानं कापड गोळा होऊन जॅकेट एक माप लहान होतं. मुंबईत ते डिसेंबर-जानेवारीत आणि एसीत घालायचं. ज्या गॅलरीत तासन् तास उभं राहायचं, तिथं एसी असतोच.

नवीन कापड एकच घ्या, आणि एकच नवा कुर्ता शिवा. ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर, ३६ इंची असेल तर तीन मीटर. शिवण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, थोडं दमट असताना इस्त्री करा. सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे अडीच मीटरमागे साडेसात ते साडेबारा सेंटीमीटर गेले. पाण्यात मीठ टाकून रंग पक्का होत नाही, तो समज सोडून द्या. ओला पांढरा रुमाल कापडावर वीस वेळा घासा. रंग उतरला तर त्या कापडाला पावसाळ्यातली गर्दीची लोकल दाखवू नका. निळीचं कापड तर कोरडं असतानाही पर्सच्या पट्ट्याला आणि शेजारणीच्या बाहीला लागतं.

या कुर्त्यासाठी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा, नमुना आधी शिवून घ्या. शिंपी कंटाळा करेल. त्याची शिलाई वेगळी देते म्हणून आधीच सांगा. नमुना घालून बसा, वाका, हात वर करा, पेननं त्यावरच खुणा करा. तो नमुना उसवला की तुमचा साचा तयार. पुढची दहा वर्षं हाच काप, कापड फक्त बदलायचं. ओ'कीफनं केलं ते हेच. आणि शिंप्याकडे वेळ बघून जा : आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात तेव्हा तो निवांत असतो, गौरी-गणपतीच्या पंधरवडाभर आधीपासून दिवाळीपर्यंत त्याला डोकं वर काढायला सवड नसते. नोव्हेंबरचं प्रदर्शन आहे, म्हणजे कापड जुलैतच त्याच्या हातात हवं.

पावसाळ्यापुरतं इतकंच. पातळ मलमल, मांडीपर्यंतची उंची, घोट्याच्या दोन इंच वर संपणारी पँट. पंख्याखाली रात्रीतून वाळतं. रेयॉन मऊ लागतो, पण ओला झाला की त्याची ताकद बरीच कमी होते आणि गर्दीत ओढला तर शिवणीतून जातो. कोल्हापुरी चपला ऑक्टोबरपर्यंत कपाटाबाहेर काढू नका. साड्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आजच बाहेर काढून जुन्या मलमलीत किंवा धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळा. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाळ्यात सगळ्या साड्या सावलीत पसरून घडी मोडून नव्या जागी घाला, दर तीन-चार महिन्यांनी तसंच.

दहा हजारांची विभागणी मी अशी करेन : तीन हजार जुन्या कपड्यांच्या दुरुस्तीला, तीन हजार तीन ब्लाऊज आणि फॉल-पिकोला, अडीच हजार नवा कुर्ता आणि त्याच्या नमुन्याला, उरलेले दीड हजार साड्यांच्या कुर्त्यांच्या शिलाईला. शिलाईचे दर गल्लीगणिक बदलतात, आधी विचारून घ्या. पैसे कमी पडले तर नवा कुर्ता पुढं ढकला, दुरुस्ती नको.

कुंकू आणि दागिन्यांचं तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण प्रश्नात ते आहे. चित्र काढताना जे काढून ठेवावंसं वाटतं, ते तुमचं नाही. बांगड्या कागदावर वाजत असतील तर प्रदर्शनातही घालू नका. कानातलं रोज राहत असेल, तर तेच थोडं मोठं घ्या.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला पहिल्या ढिगातली साडी आणि काळा ब्लाऊज, बाकीच्या दिवशी काठाच्या उभ्या पट्टीचा कुर्ता. दोन्ही आठवडाभर आधी घरी घालून पूर्ण दिवस काम करा, जिना चढा-उतरा, एकदा डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन या. निरी पायात येते का, खिशात फोन आणि व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा एकत्र मावतो का, चार तास उभं राहिल्यावर चप्पल कुठं लागते, हे सगळं त्याच दिवशी कळेल, आणि दुरुस्तीला हाताशी सात दिवस असतील.